बसवलं ना?

माझा दादा कानावर पोट भरतो. गॅरेजात गाडी शिरली की तो मालकाकडे बघतच नाही, डोळे मिटून उभा राहतो. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो. इथपर्यंत कौतुकच आहे. पण तोच कान तो घरीही घेऊन येतो आणि तिथे आमचे हाल होतात. फ्रिज जरा वेगळा घुरघुरला की याचा घास हातातच राहतो. कुलूप लावून सगळे निघालो की हा अर्ध्या वाटेतून परत जातो, कुलूप ओढून बघतो आणि आम्ही रस्त्यात ताटकळतो. घरात त्याला खुट्टमास्तर म्हणतात. हे नाव मीच ठेवलं.

मी त्याची धाकटी बहीण. गॅरेजच्या मागच्या खोलीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, त्यामुळे तिथलं सगळं माझ्या कानावर पडतं आणि मी मध्ये तोंड घातल्याशिवाय राहत नाही.

अशा माणसाच्या घरी देवाने मुलगी दिली ती पायाला भिंगरी लावून. तिला हाकही आम्ही भिंगरी अशीच मारतो. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिने स्वतःच्या पगारातून एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. आठवडाभर तीच गाडी कामावर आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर. पहिल्यांदा ती ट्रॅकवर गेली तेव्हा दादा दिवसभर फोन हातात धरून बसला होता. चहासुद्धा एका हाताने प्यायला.

ट्रॅकच्या वळणांवर गाडी फार कलते, असं तिचं म्हणणं पडलं. तिला सस्पेन्शन बदलून हवं होतं. ठेंगण्या, कडक स्प्रिंगा हव्या होत्या आणि त्यांच्या जोडीला कडकपणा कमीजास्त करता येणारे शॉकअप. यावरून बापलेकीची चांगलीच जुंपली.

"एवढी कडक केलीस तर रस्त्यावरच्या खड्ड्यात दात वाजतील तुझे," दादा म्हणाला.

"वाजू देत. माझेच दात आहेत."

"नि ओल्या रस्त्यावर चाक उचललं गेलं म्हणजे? तेव्हा दात दाखवशील का?"

शेवटी मधला मार्ग निघाला. स्प्रिंगा तिला हव्या होत्या त्याहून जरा मऊ. शॉकअपच्या डोक्यावर फिरवायची कळ. ट्रॅकवर जाताना ती घट्ट करायची, कामावर जाताना सैल. काम दादानेच अंगावर घेतलं. दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं तर मला झोप लागली नसती, म्हणाला. मी म्हटलं, अशी तरी कुठे लागते?

पुढची दोन चाकं त्याने स्वतः केली आणि नेमकी त्याची कंबर धरली. मागची बाजू वहिनीने केली. वहिनी कच्ची नाही. पूर्वी ती स्पेअर पार्टच्या दुकानात होती, आता कितीतरी वर्षं याच्या बरोबरीने गाडीखाली असते. संध्याकाळी दादा खुर्चीत अवघडून बसला होता. तिथूनच त्याने विचारलं, "मागचं बसवलं ना?"

"बसवलं की," वहिनी हात पुसत म्हणाली.

विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी गाडी घेऊन ट्रॅकवर गेली. आम्ही तिघं नाश्त्याला बसलो होतो आणि दादाची कंबर जरा मोकळी झाली होती. वहिनी सहज बोलून गेली, "काल बरं झालं, गाडी वर उचललेली होती तेव्हाच सगळं बसवून टाकलं. वाकावं लागलं नाही."

दादाचा हात थांबला. "वर असताना कसं बसवलंस?"

"म्हणजे? पार्ट घातले, बोल्ट घातले, नट लावले."

"आणि गाडी खाली घेतल्यावर?"

"खाली घेतल्यावर घट्ट करायचं काम तुमचं. कधी मला करू दिलंय तुम्ही? मला वाटलं, केलंत तुम्ही."

"अगं, मग बसवलं कशाला म्हणालीस!"

"बसवलंच होतं!"

आता मला मध्ये पडून हे उलगडून सांगितलं पाहिजे. मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबर असतं. त्यातून जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नसतात, नाहीतर ते रबर पिळलेलंच राहतं. गाडी चारी चाकांवर, आपल्या वजनाने जमिनीवर बसली की मगच आवळायचे. दादा ज्या उस्तादाकडे काम शिकला, तिथे या शेवटच्या आवळण्याला 'बसवणं' म्हणायचे. आणि वहिनीच्या दुकानात बसवणं म्हणजे नुसता पार्ट जागेवर घालणं. इतकी वर्षं दोघं एकच शब्द बोलत होती आणि दोघांचं काही अडलं नव्हतं, कारण शेवटचा पाना नेहमी दादाच मारायचा.

त्याने भिंगरीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ट्रॅकवर फोन कपाटात ठेवायला लावतात. दादाने चावी माझ्या हातात कोंबली आणि गाडी मी काढली. वहिनी पान्यांची पेटी मांडीवर घेऊन मागे बसली. वाटभर कुणी कुणाला दोष दिला नाही. दादा फक्त म्हणत होता, "नट आहेत ना? निदान नट तरी आहेत ना?" आणि वहिनी दर वेळी म्हणत होती, "आहेत हो." मला एरवी त्याच्या या जपाचा राग येतो. त्या दिवशी मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

ट्रॅकच्या फाटकाशी झेंडा हलवून गाड्या बाहेर बोलावणारा झेंडेवाला उभा होता. तो दादाला चांगलाच ओळखतो. त्याने हात वर केला. "मास्तर, मागच्या खेपेला टायरच्या हवेसाठी पोरीला बाहेर बोलावलंत. हवा बरोबर होती. आज काय?"

"मागचे बोल्ट सैल असतील," दादा म्हणाला.

"असतील की आहेत?"

खोटं दादाला बोलता येत नाही, अशा वेळीसुद्धा. "नक्की माहीत नाही," तो म्हणाला. झेंडेवाला हसला आणि माझं डोकं सणकलं.

"अहो, हसताय काय? हा माणूस शंभरदा चुकला असेल, तुम्हाला नुसता झेंडा हलवायचाय ना? हात दुखतो का?"

तेवढ्यात भिंगरीची गाडी आमच्यासमोरून सुसाट गेली. दादाने डोळे मिटून घेतले आणि कान पुढे केला. मग डोळे उघडून तो इतक्या हळू आवाजात "हलवा" म्हणाला की झेंडेवाल्याचं हसू मावळलं. त्याने झेंडा उचलला. पुढची फेरी पुरी होऊन ती परत दिसेपर्यंत वहिनीने माझं मनगट धरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशीही तिथे वळ होता.

गाडी आत आली, थांबली. आता पोरगी चारचौघांत बापाची हजेरी घेणार म्हणून मी तयारीत होते. ती उतरलीच नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत बसली. दादा कंबर विसरून गाडीखाली सरकला. मीही वाकून बघितलं. एका बाजूचा नट जेमतेम शेवटच्या आट्यांवर उरला होता. दादाने तो दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला.

"बाबा," गाडीतून आवाज आला. "मागून काहीतरी वाजत होतं."

"केव्हापासून?"

"सुरुवातीपासूनच."

दादा बाहेर सरकला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला. "मग थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर तुला सांगावं लागलं असतं." तिने अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं. "तू महिनाभर जेवला नसतास. मग गाडी विकून टाक म्हणाला असतास. मला वाटलं, जाईल आवाज."

वहिनीने तोंडाला पदर लावला. मला त्या क्षणी दादाचा भयंकर राग आला आणि लगेच त्याची कीवही आली. ज्या पोरीसाठी हा माणूस कान टवकारून जगतो, तिनेच त्याच्या धास्तीपायी कान बंद करून घेतले होते.

गाडी चाकांवर उभी होती, तशीच ठेवून दादाने नट आवळले, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. वहिनीला हात धरून खाली बसवलं आणि प्रत्येक नटावर तिलाही पाना लावून बघायला सांगितलं. मग तो दरवाज्याशी आला.

"पुन्हा काही वाजलं की आधी मला सांगायचं."

"आणि तू म्हणणार, गाडी विक."

दादाने पाना पेटीत ठेवला.

"म्हणेन," तो म्हणाला. "पण तू विकू नकोस."

मग त्याने तिचा पट्टा ओढून बघितला आणि तिला ट्रॅकवर जायला वाट करून दिली.