सात वाकळांचा दिवस

आमची आई गेल्याची बातमी मामाच्या गावाला, साखऱ्याला पोचली, तेव्हा आई हिंगोलीत घरी बसून धपाटे थापत होती. आणि बातमी पोचण्यामागं डोकं माझं होतं.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. बाबा एसटी डेपोत कारकून, मी कॉलेजात, धाकटा संजू शाळेत. आईनं पंचेचाळिशी ओलांडलेली. बाई मुळात हसरी. गिरणीत दळण टाकायला गेली तरी चार बायकांना हसवून यायची. पण त्या वर्षी तिचं काहीतरी बिनसलं. संजू जेवताना मचमच करतो म्हणून सकाळी ती त्याच्या पुढचं ताट उचलायची, आणि दुपारी पेटीत त्याचं लहानपणीचं टोपडं सापडलं म्हणून हमसून हमसून रडायची. ऐन थंडीत खिडक्या सताड उघडून पदरानं वारा घ्यायची आणि आम्ही कुडकुडलो की म्हणायची, "काहून नाटकं करून राहिले?" बाबा एकदा म्हणाले, "आज भाजीत मीठ बराबर आहे." त्यावर, "म्हंजे रोज न्हाई राहत?" एवढं विचारून तिनं आठवडाभर अबोला धरला.

तिला काय होतंय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आज घरात शिरावं की नाही, एवढीच आम्हाला चिंता.

उपाय मी काढला. (घरात हुशार मीच होते.) जो आधी घरी येईल त्यानं आईचा नूर बघायचा. गरम असला तर अंगणाच्या भिंतीवर एक वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, टाकून द्यायची. गल्लीच्या तोंडापासून ती दिसते. दिसली की घरी न जाता शेजारच्या रझिया चाचीकडं बसायचं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी मला नवा पेन आणला. पुढं गल्लीलाही कळलं. दूधवालासुद्धा वाकळ बघून दूध चाचीकडं ठेवायला लागला. आईला मात्र वाटायचं, पोरगी अंथरुणाला ऊन दाखवते. चारचौघींत कौतुक करायची माझं!

दसरा जवळ आला होता. दुपारी कॉलेजातून आले आणि गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरले. भिंतीवर सात वाकळा होत्या.

दसऱ्याच्या आधी घरोघरी वाकळा धुतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत असतं. मला आठवलं नाही.

चाचीकडं संजू आधीच चिवडा खात बसलेला. मागोमाग बाबा सायकल ढकलत आले. वाकळा टाकल्या कुणी, हे कुणी कुणाला विचारलं नाही. सगळे आकड्यालाच घाबरलेले.

"एक म्हंजे गरम," बाबा म्हणाले. "मग सात म्हंजे काय?"

"सात म्हंजे तुमी डेपोतच झोपा," संजू म्हणाला.

"जाके देखो तो सही, भाईजान," चाची म्हणाली.

"तुमी जाता का?"

चाचीनं मान खाली घालून शिलाई मशीन चालू केलं.

शेवटी बाबांनी मामाला बोलवायचं ठरवलं. चाचीकडून साखऱ्याच्या दुकानात फोन लावला, दुकानदारानं मामाला शोधून आणलं. आता 'मी तुझ्या बहिणीला भ्यालो' असं मेव्हण्याला कोण सांगणार? बाबा म्हणाले, "भाऊ, तुह्या बहिणीचं... काय सांगू आता. आमाला तर घरात पाय टाकवत न्हाई. तू ये फक्त." तेवढ्यात चिवड्यातला शेंगदाणा घशात अडकला आणि त्यांचा आवाज दाटून आला. फोन ठेवावा लागला.

संध्याकाळी गल्लीत काळीपिवळी जीप शिरली. आत मामा, मामी आणि निम्मी भावकी. मामीनं कोपऱ्यापासूनच गळा काढला, "वन्संऽऽ, कशा वो सोडून गेल्या आमालाऽऽ!"

रडणं ऐकून आई पिठाच्या हातानं बाहेर आली. "वैनी, काहून रडून राहिल्या? कोण गेलं?"

मामीनं वर पाहिलं. सूर एवढा वर नेलेला, मध्येच कसा तोडणार? तो तिनं हळूहळू उतरवत पूर्ण केला आणि मग जीपच्या पायरीवर मटकन बसली.

पुढचं मामानं बाबांकडून वदवून घेतलं. वाकळेचा नियम बाबांनी सांगितला आणि शोध कुणाचा तेही सांगितलं. (पेन मात्र परत मागितला नाही.) आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण आई ओरडली नाही. उंबऱ्यावर बसली.

"आज लई दिसांनी जीवाला बरं वाटलं व्हतं," ती म्हणाली. "म्हून वाकळा धुतल्या. धपाटे केले. दुपारपासून वाट पाहून राहिले. रात्र रात्र झोप न्हाई येत मला. वाटतं, याड लागतंय. एकानंबी इचारलं न्हाई. निशाण लावून पळून राहिले."

तिचा धीर सुटत चाललेला, आणि आम्ही शेजारी चिवडा खात होतो.

चाची तिच्याजवळ जाऊन टेकली. "पागल नहीं हुए भाभी तुम. मेरेको भी ऐसाच हुआ था. पाळी जाने की उमर में होता. डॉक्टरनी को दिखाएंगे, मैं आती साथ में."

आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग डोळे पुसून मामीला म्हणाली, "तुमी येवढ्या मनापासून रडल्या वैनी. उठा, धपाटे खा."

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आईला झोप लागायला लागली. वाकळेचा नियम तिनं मोडला नाही, आपल्या हातात घेतला. आता वाकळ ती स्वतः टाकायची, आणि ती दिसली की सगळ्यांनी लवकर घरी यायचं, भाकरी बाबांनी करायच्या. बाबा आता नाहीत. कुठं भाकरी करपल्याचा वास आला की मला अजून भूक लागते.

सध्या मी सेहेचाळीसची आहे. परवा मी रिमोट भिंतीवर फेकला आणि मग त्याची दया येऊन रडले. शेवटी आईनं दिलेली वाकळ काढली, बाल्कनीच्या कठड्यावर टाकली आणि घामाघूम होऊन पंख्याखाली पडले. नवऱ्याला नियम लग्नातच सांगून ठेवलाय. तो आला. त्यानं वाकळ पाहिली. प्रेमानं आत आणून माझ्या अंगावर पांघरली, आणि पंखा बंद केला.

मी आईला फोन लावला.

"एकीनं काय व्हतंय माय?" आई म्हणाली. "सात टाक."

"माझ्याकडं एकच आहे."

"मग मामीला लावून देऊ का, गळा काढायला?"

मी थोडा विचार केला आणि हो म्हणाले.