गाळलेल्या चौदा सकाळी

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. एखादी नोंद गाळायची असेल तर ती का गाळली ते शेजारी लिहा, असं मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. घरच्या विजेच्या मीटरचा आकडाही मी दर रविवारी टिपून ठेवतो. तरी मी जे केलं ते केलं, आणि ते सौम्य करून सांगायचं नाही असं ठरवून हे लिहितो आहे.

आम्ही तिघे सहकारी चाकांवर चालणाऱ्या एका यंत्रमानवावर संशोधन करत होतो. त्याला सतत बिनतारी संदेश जायचे: डावीकडे वळ, हळू हो, थांब. एखादा संदेश हरवला तर तो सावरतो. सलग दहा हरवले तर भिंतीवर आदळतो. म्हणून संदेश विखरून हरवतात की घोळक्याने, हा खरा प्रश्न होता. ते विखरून हरवतात असं माझं सूत्र धरून चाललं होतं.

प्रयोगशाळेबाहेरची चाचणी मी भोईवाड्यात मामीच्या चाळीत घेतली. लांब गॅलरीच्या एका टोकाला, जिन्यापाशी, संदेश पाठवणारी डबी आणि दुसऱ्या टोकाला मामीच्या दारावर ते घेणारी. सलग दहा हरवले की तिच्यावर लाल दिवा लागायचा. डबी हरवलेल्या संदेशांची फक्त दिवसाची बेरीज ठेवायची. दिवा केव्हा लागला ते माणसानेच टिपायचं. त्या कामाला मामीसारखं दुसरं माणूस मिळालं नसतं. जिन्याखालच्या फळ्यावर पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे तीच रोज खडूने लिहायची. सगळी चाळ त्या फळ्यावर घड्याळ लावायची.

तिने चौदा दिवस जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारून नोंदी ठेवल्या. रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा लाल दिवा पुन्हा पुन्हा. उरलेला दिवस जवळजवळ कोरा. माझ्या सूत्रात हे बसेना. मी फोन केला.

"मामी, सकाळी अर्धवट झोपेत बघतेस का गं?"

"झोपेत? मग माझं पाणी कोण भरतं, तू येतोस?"

"चष्मा असतो ना डोळ्यांवर? की आदल्या दिवशीचं आठवून लिहितेस?"

 मामीच्या थोरल्या बहिणीला शेवटी घरचीही माणसं ओळखू येत नव्हती, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं विचारलं.

शोधनिबंधात मी एक ओळ घातली: निरीक्षकाच्या चुकीमुळे काही संशयास्पद नोंदी वगळल्या आहेत. किती, कोणत्या वेळेच्या, काही नाही. तो छापून आल्यावर पेढे घेऊन गेलो, तेव्हा तिने विचारलं, "माझ्या नोंदींचा उपयोग झाला ना रे?" मी म्हटलं, "झाला की."

वर्षभराने दादरच्या आमच्या इमारतीची टाकी दुरुस्तीला काढली. भरलेली दोन पिंपं मी आतल्या खोलीच्या दारात ठेवली आणि नेट चालत नाही म्हणून राउटर चालू-बंद करत बसलो. बायको म्हणाली, "ती पिंपं हलवा आधी. मध्ये एवढं पाणी उभं केलंय, सिग्नल काय पोहत येणार?"

मी राउटर बाजूला ठेवला. पाणी या लहरी शोषून घेतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. लालबागच्या चाळीत दहावीपर्यंत रोज सकाळी कळशाही उचलल्या होत्या. चोवीस तास नळाच्या घरात राहायला आल्यापासून ते माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. आणि त्या वेळी पाणी भरते, हे मामीने तर फोनवर सांगितलंच होतं.

दुसऱ्याच दिवशी पहाटे डब्या घेऊन भोईवाड्यात गेलो. जिन्याखालच्या फळ्यावरचं अक्षर वेगळं होतं. वर गॅलरीभर पिंपं, बादल्या आणि रांगेतली माणसं. डब्या लावल्या. लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. साडेसहाला पाणी गेलं, पिंपं आत गेली, आणि दिवा लागायचा थांबला.

"फळा कोण लिहितं आता?"

"शेजारीण. मीच खडू दिला तिला. डोकं ठिकाणावर नसलं तर लोकांची पंचाईत नको."

मी तिला सगळं सांगितलं. निबंधातली ती ओळ मराठीत वाचून दाखवली.

"निरीक्षक म्हणजे मी?"

"हो."

"माका दिसत होता रे सगळा," ती एवढंच म्हणाली. रागावली की ती मालवणीत बोलते.

तिच्याच टेबलावर मी संपादकांना पत्राचा मसुदा लिहिला. तिने वाचायला लावला. 'फेरतपासणीत त्रुटी आढळली', असं मी लिहिलं होतं.

"आढळली? रस्त्यात पडलेली का ती? कोणाची त्रुटी?"

मी वाक्य खोडलं आणि लिहिलं की निरीक्षकाच्या नोंदी बरोबर होत्या. माझ्या सूत्रात बसेनात म्हणून मी त्या गाळल्या.

पत्र छापून आलं. सहकाऱ्यांच्या नावालाही त्याचा डाग लागला. एक जण अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. ते मी समजू शकतो.

छापील पान घेऊन मी मामीकडे गेलो आणि जाताना नव्या खडूंचा डबाही नेला. पान तिने कपाटात ठेवलं. खडू शेजारणीला दिले.

"एकदा स्वतःचीच शंका आली ना रे," ती म्हणाली, "की घड्याळाकडे दोनदा बघावं लागतं. तेवढ्यात पाणी येऊन जातं."