लाल नावाच्या मावशी

मोबाइलवर कुणाशी तह करायचा असला, की मावशी आधी अंगठा पदराला स्वच्छ पुसायच्या. मग चष्मा सारखा करून बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "बोट लावलं म्हंजे लावलं."

आमच्या लोणावळ्याच्या रिसॉर्टवर त्या खोल्यांची साफसफाई बघायच्या. रोज कुरवंड्याहून यायच्या. शनिवार-रविवारी आम्हाला मान वर करायला फुरसत नसे. सोमवारी दुपारी मात्र पाहुणे गेलेले, चादरी दोरीवर, आणि स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर आम्ही तिघं मोबाइल घेऊन बसलेले. मावशी, आमचे आचारी भाऊ आणि रिसेप्शनवरचा मी. राज्य चालवायचा एक खेळ होता. किल्ला बांधायचा, सैन्य पोसायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे. भाऊंचं राज्य दांडगं. माझं म्हणजे आव जाव घर तुम्हारा.

त्या खेळात तह पाळणाऱ्याचं नाव हिरवं दिसे आणि मोडणाऱ्याचं लाल. मावशींचं नाव कायम हिरवंगार. तुम्ही हसाल, पण त्या हिरव्या रंगाची किंमत मला ठाऊक होती. एखाद्या पाहुण्याचं घड्याळ सापडेना झालं, की पहिली झडती मावशींच्या पिशवीची व्हायची. घड्याळ मग गादीखाली निघायचं आणि माफी कुणीच मागायचं नाही. मावशींच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारी जागा ती एकच होती.

त्यांचे दोन तह होते. भाऊंशी मैत्रीचा, म्हणजे एकमेकांशी लढायचं नाही. माझ्याशी राखणीचा, म्हणजे माझ्यावर कुणी चालून आलं तर त्यांनी धावून यायचं. एका सोमवारी भाऊंना माझी लोखंडाची खाण आवडली आणि त्यांनी सैन्य जमवायला घेतलं. मावशींची इकडे आड तिकडे विहीर झाली. गप्प बसल्या तर माझा तह मोडणार, धावून आल्या तर भाऊंचा. मी म्हटलं, राहू द्या मावशी, तसाही मी बुडालेलाच आहे. त्यांनी ऐकलं नाही. सरळ भाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, माजं सैन्य ह्याच्या दारात उभं करतीय. तुमी आला तर गाठ पडंल. आदी सांगाय आले."

भाऊ लसूण सोलत होते. त्यांना वाटलं, ही बाई आपलं नाव लाल करून घ्यायची नाही. ते आले. मावशीही आल्या. माझी खाण वाचली आणि खेळानं मावशींचं नाव लाल करून टाकलं. खेळातल्या बाकीच्या राजांनी त्यांच्याशी व्यापार बंद केला, धान्याचं कोठार रिकामं पडलं. मावशी "आसू दे" एवढंच म्हणाल्या. मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

भाऊ रुसले. महिनाभर मावशींच्या चहात आलं पडलं नाही. मग एका सोमवारी तेच मावशींकडे राखणीचा तह मागायला आले. लाल नावाशी तह कशाला, म्हणून मी त्यांना चिडवलं.

"ती सांगून येती," भाऊ म्हणाले. "हिरव्या नावाचे न सांगता येत्यात."

मावशींनी अंगठा पदराला पुसला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चहा पुन्हा आल्याचा झाला.

मावशी जाऊन आता वर्ष होत आलं. छातीत दुखल्याचं निमित्त झालं आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. त्या खेळात धनी नसलेल्या किल्ल्यावर लुटारू येतात, किल्ला पडला की नावही पुसलं जातं. मावशींचा किल्ला अजून उभा आहे. सोमवारी दुपारी भाऊ ओट्यावर येऊन बसतात, कणकेनं भरलेला अंगठा ॲप्रनला नीट पुसतात आणि आपलं सैन्य त्या लाल नावाच्या दारात नेऊन उभं करतात. मागे माझेही दहा-बारा शिपाई असतात.