भांगेची चटणी

माझी सून उत्तराखंडच्या डोंगरातली. काल माहेराहून आलेल्या करड्या बिया तिने तव्यावर भाजल्या, मिरची-लिंबू घालून वाटल्या आणि म्हणाली, “आई, भांगेची चटणी!”

मी दचकलेच. “अगं, चढली म्हणजे?”

ती हसली. “बियांची नशा नाही चढत, आई. ताकद येते. आमच्याकडे थंडीत रोज खातात.”

तरी चिमूटभर खाऊन मी चढायची वाट बघत बसले. चढलं काहीच नाही, तिळासारखी भाजकी चव तेवढी जिभेवर रेंगाळली. ती सांगत होती, हे झाड थोड्या पाण्यावर उंच वाढतं, सालीचे दोर वळतात, बिया ताटात येतात. आणि एवढ्या गुणाच्या झाडाला आपण नुसतं नशेवरून ओळखतो.

संध्याकाळी ती कंगवा घेऊन माझ्यापुढे बसली. “आई, माझी भांग पाडून द्या ना.”

“माझी नाही गं, माझा भांग. चढते ती भांग, पाडतात तो भांग.”

“माझा भांग,” ती घोकल्यासारखं म्हणाली. मग हळूच, “माहेरी आई पाडायची.”

भांग पाडून झाला होता, अगदी सरळ. मी तो मोडला आणि पुन्हा सावकाश पाडायला घेतला.