कामास असमर्थ

इतकी वर्षं लोटली, पण ते प्रकरण माझ्या मनात अजून बंद झालेलं नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पोलीस ठाण्यातल्या टेबलांना ताज्या रंगाचा वास होता आणि रांजण कोरडा होता. दुष्काळाने सरकारी अनुदान घेणाऱ्या निराधारांची यादी लांबत चालली होती. खर्च आवरा, काम करू शकणारी माणसं यादीतून काढा, असा वरून आदेश आला होता. त्याच सुमारास तहसीलमार्फत एक निनावी अर्ज आमच्याकडे पोहोचला. शिरूर अनंतपाळकडची एक लंगडी विधवा ‘कामास असमर्थ’ या दाखल्यावर अनुदान घेते आणि रोजगार हमीवर खडीही फोडते, असं त्यात लिहिलं होतं. महिला फौजदार म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

खडी फोडण्याच्या कामावर पोहोचले तेव्हा ऊन पांढरं पडलं होतं. दगडावर हातोड्यांचा कोरडा ताल चालला होता आणि जिभेवर धूळ पिठासारखी बसत होती. चौकशीची कुणकुण लागल्याने बाई आली नव्हती. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. नाव होतं तिच्या मुलीचं, आणि हजेरीच्या प्रत्येक दिवसापुढे अंगठा. मुलगी दहावी पास झालेली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शिकलेली पोरगी अंगठा कशी लावते, असं मी मुकादमाला विचारलं.

“दुष्काळात शाई बी आटली, बाईसाहेब,” तो म्हणाला. मी हसले नाही, तेव्हा त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी नांदेड गाठलं. मुलगी तिथे परिचारिकेचं शिक्षण घेत होती. वसतिगृहाच्या नोंदीप्रमाणे हजेरीपटावरच्या प्रत्येक दिवशी ती नांदेडातच होती. तिला मी काही विचारलं नाही. दवाखान्याच्या वॉर्डाच्या दारातून नुसतं पाहिलं. फिनेलच्या वासात, निळ्या काठाच्या साडीत, ती एका म्हातारीची नाडी मोजत होती.

आईला जबाबासाठी बोलावलं. खुर्ची नाकारून ती फरशीवर बसली. तासभर प्रत्येक प्रश्नाला “मला न्हाई ठाव” एवढंच उत्तर मिळालं. मग मी जुनं हत्यार काढलं. हजेरीपटावर नाव मुलीचं आहे, तेव्हा आरोपी तीच होईल, असं सांगितलं. तशी बाई फरशीवरूनच पुढे सरकली.

“तिला मधी घेऊ नका. अंगठा माझा हाय. पाय गेलाय, हात चालतेत, बसून फोडते. पर दोन दिस फोडलं की चार दिस उठवत न्हाई. निस्त्या मजुरीवर पोट भरंना, निस्त्या अनुदानावर लेकीची खानावळ भागंना.”

खरं नाव सांगून काम का मागितलं नाही, असं मी विचारलं.

“मागितलं आस्तं तर अनुदान त्याच दिशी तुटलं आस्तं. एक वरीस राहिलंय तिचं. ती कमवाया लागली की मीच येऊन नाव कापून घेते की.”

गुन्ह्याचा उलगडा झाला होता. तोतयेगिरी, फसवणूक, कबुली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. बाई जामिनावर सुटली, अनुदान बंद झालं. मुलीला मी आरोपी केलं नाही, पण त्याने काहीच वाचलं नाही. महिन्याभरात ती ट्रंक घेऊन गावी परतली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं गेलं.

पुढल्या वर्षी बाईने पुन्हा अर्ज केला. जुन्या गुन्ह्यामुळे पोलिसांचा अभिप्राय मागवला गेला. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिचे हातही चालेनासे झाले होते.

“आता बसते न्हवं मी तुमच्या नियमात?” तिने शांतपणे विचारलं.

मी लिहिलं: घरात कमावतं कुणी नाही, पुढे असण्याची शक्यता नाही. अर्जदार पात्र आहे.

सरकारी पैसा जपायलाच हवा, हे मी आजही मानते. दोन विहिरींचे मालक निराधार म्हणून मिरवताना मी स्वतः पकडले आहेत. पण हात हलवताच मदत तुटणार असेल, तर माणूस लपून हात हलवतो किंवा हलवणंच सोडतो. मजुरी वाढेल तसं अनुदान थोडं थोडं उतरवलं असतं, एक वर्ष थांबलो असतो, तर ते नाव यादीतून कायमचं गेलं असतं. खर्च वाचवायला निघालेल्या आम्ही तिला जन्माची निराधार केलं. पुढे ते नाव कमी झालं, ते मृत्यूच्या दाखल्यावर.