त्रेचाळीसचा झगा

माझ्या मावशीला मुलींच्या शिक्षणाचा कळवळा वगैरे अजिबात नव्हता. ती शिंपीण. जवळचं दिसेनासं झालं होतं आणि मापं लिहून ठेवायला फुकटात कुणीतरी हवं होतं. म्हणून बकऱ्यांमागे हिंडणाऱ्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या चार-पाच पोरी तिने दुपारी दुकानात गोळा केल्या. चिंध्यांवर खडूने अक्षरं, टेपवर आकडे, चुकलं की पट्टी. पुढे तिला पोरींचा लळा लागला, पण हे ती मेली तरी कबूल करायची नाही.

त्यातली घुमी सगळ्यात हुशार, पण तोंड उघडेल तर शपथ. तिच्या बापाने आधीच बजावलं होतं, एक तक्रार आली की पोरगी परत बकऱ्यांमागे.

तक्रार आली किराणावाल्याच्या बायकोची. माप घेताना मावशी म्हणाली होती, छाती त्रेचाळीस. घुमीने ऐकलं तसं लिहिलं: ‘त्रे’ आधी म्हणून तीन आधी, ‘चाळीस’ मागून म्हणून चार मागून. झगा शिवला गेला चौतीसचा. बाईंनी तो दुकानातच, अंगातल्या कपड्यांवरून चढवला आणि दोन्ही हात वर करून आतच अडकल्या. घुमीने टेप उलगडून चाळीसच्या पुढचे आकडे पाहिले आणि तिला चूक कळली. बाईंनी आतून केलेला शंख चौकापर्यंत गेला. चौकात नेमका घुमीचा बाप.

तो तरातरा आला. इतके महिने बसून साधं त्रेचाळीस लिहिता येत नाही, चल घरी, म्हणाला. घुमी निमूट उठली. मावशीचा चेहरा असा पडला की कोपऱ्यात बसलेल्या मलाच रडू आलं.

मग मावशीने खडू त्याच्यापुढे धरला. “तुम्ही लिहा बरं.”

बाप स्वतःला चौथी पास म्हणवायचा. त्याने कापायच्या टेबलावर ठसक्यात तीन काढला आणि तिथेच अडला. झग्यातून बाईंनी विचारलं, लिहून झालं का.

“आधी चार, बाबा,” घुमी म्हणाली. “मीही तिथेच चुकले.”

त्याने बाहीने तीन पुसला. खडू काही खाली ठेवला नाही.

“आणि एकोणपन्नास?” त्याने हळूच विचारलं.

घुमीने त्याच्यासाठी स्टूल ओढलं.