इम्पॉर्टंटचा शिक्का

गेल्या गुरुवारी आमच्या बाळकुमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुतली. टाकी दर सहा महिन्यांनी धुतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी मी चार मजले धावत चढलो, ते का, हे सांगायला हवं...

मी सोसायटीचा सेक्रेटरी. रिटायर झाल्यावर लोकांनी हे काम गळ्यात घातलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते हवंच होतं. छत्तीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या नोटिसा टाइप केल्या, आता स्वतःच्या काढायच्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात नौपाड्यात जाऊन एक रबरी शिक्का करून आणला. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, लाल शाईचा... इम्पॉर्टंट. दुकानदार म्हणाला, मराठीत 'महत्त्वाचे' करू का? पण मला वाटलं, इंग्रजी शब्दाला जरा वजन असतं.

सुरुवातीला लोक थांबून वाचायचे. मग मला चटकच लागली. चपला दाराबाहेर काढू नयेत, इम्पॉर्टंट. गच्चीवर पापड वाळत घालताना कापडावर दगड ठेवावा, इम्पॉर्टंट. चौथ्या मजल्यावरच्यांनी बाबागाडी लॉबीत ठेवू नये, हे तर व्हेरी इम्पॉर्टंट... 'व्हेरी' मी पेनाने लिहिलं होतं.

बायको म्हणायची, "अहो, तुमचं सगळंच इम्पॉर्टंट. साधं असं काही असतं की नाही?" मी म्हणायचो, तुला ऑफिसची शिस्त कळायची नाही. ती हसून सोडून द्यायची.

तर टाकी. धुऊन झाल्यावर आत औषध टाकतात, आणि ते पाणी नळांतून वाहून जाईपर्यंत प्यायचं नसतं. दुपारी दोनपर्यंत नळाचं पाणी पिऊ नये, स्वयंपाकाला वापरू नये, अशी नोटीस मी दोन दिवस आधीच लावली होती. शिक्का मारून. तिचा फोटो ग्रुपवरही टाकला होता.

साडेअकराच्या सुमारास गच्चीवरून खाली आलो, तर तळमजल्यावरचे जोशी भेटले. म्हणाले, "आज पाण्याला काय वास मारतोय हो, चूळ भरवेना." मी विचारलं, नोटीस नाही का वाचली? म्हणाले, "कुठली नोटीस?" आम्ही दोघं तेव्हा बोर्डासमोरच उभे होतो...

बोर्डावर माझे अकरा कागद होते, अकराही लाल शिक्क्याचे. टाकीची नोटीस त्यांतच कुठेतरी होती. जोशी चष्मा लावून शोधत होते, तरी त्यांना ती सापडेना.

आधी मी जोशींवरच चिडलो. मग ग्रुप उघडून बघितला. बेचाळीस घरं, आणि मेसेज बघितला होता सात जणांनी.

आणि एकदम ती बाबागाडी आठवली. म्हणजे चौथ्या मजल्यावर बाळ आहे. पाच महिन्यांचं, वरच्या दुधावरचं. आईवडील दोघं कामाला जातात, घरी फक्त आजी असतात.

बाळाच्या वडिलांना फोन लावला, लागला नाही. लिफ्ट सातव्या मजल्यावर. जोशींना म्हटलं, तुम्ही खालची दारं वाजवा, आणि मी जिना धरला. वय बासष्ट, गुडघे त्याहून म्हातारे...

आजी मूळच्या इथल्याच, बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. नातवासाठी लेकाकडे येऊन राहिल्या आहेत. एका बेलमध्ये दार उघडलं. कडेवर बाळ, दुसऱ्या हातात दुधाची भरलेली बाटली.

मी सरळ ती बाटलीच काढून घेतली. बाळाने भोकाड पसरलं.

"अहो भाऊ, पोराची बाटली कशाला घेता?" आजी घाबरल्याच. धापा टाकत मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाण्याला वास आला म्हणूनच तर चांगलं खळखळ उकळलं, उकळलं की सगळं मरतं ना... पण हे जंतू नव्हेत, औषध होतं, आणि त्याच पाण्यात त्यांनी दुधाची पावडर कालवली होती. पाजलं का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "नाही ओ, गार करत होते."

मी तिथेच दारातल्या स्टुलावर बसलो. "पाणी देऊ?" असं त्या बोलून गेल्या आणि स्वतःच थांबल्या.

मग त्यांनी विचारलं, खाली लावलं होतं म्हणता? मी म्हटलं, हो, परवापासून आहे. त्यावर अगदी साधेपणाने म्हणाल्या, "सूनबाईने सांगून ठेवलंय, लाल शिक्क्याचं असलं की वाचत बसू नका. ते काका उगाच लावत असतात."

राग आला. खाली येईपर्यंत टिकला. खाली त्या अकरा कागदांसमोर पुन्हा उभा राहिलो आणि मग शरम वाटली.

त्या रात्री डिक्शनरी काढावी तसं त्या शब्दाकडे बघितलं. ज्याच्या असण्या-नसण्याने कोणालातरी खरोखर फरक पडतो, ते इम्पॉर्टंट. कोणाला, हे धरूनच तो शब्द वापरायचा असतो. पापडावरच्या दगडाने कोणाला फरक पडत होता? मलाच... कारण नोटीस माझी होती.

त्याआधी दुपारी कंपाउंडच्या नळाला स्वच्छ पाणी येईपर्यंत जोशी आणि मी बेचाळीसच्या बेचाळीस दारांवर जाऊन आलो. एकेक घर, तोंडाने सांगत. इतकी वर्षं इथे राहतोय, पण अर्ध्या घरांचे उंबरे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

लोक आता म्हणतात, सेक्रेटरींनी बाळाला वाचवलं. असं काही नाही. दूध अजून गरम होतं, आणि आजींनी पहिल्याच बेलला दार उघडलं. तेवढ्यावर निभावलं... मी लिहिलेल्या एकाही शब्दावर नाही.